सुमे, ती प्लेट मी उचलली होती

प्रिय सुमे,

प्रभूमध्ये सलाम.

तीनदा लिहायला बसले आणि तीनदा पुसून टाकलं. आज पुसणार नाही, जसं येईल तसं पाठवते, चुका तू वाचताना दुरुस्त करून घे, शाळेत पण माझं शुद्धलेखन तूच तपासायचीस. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्यांना घरातली सगळी जळमटं दिसायला लागलीत आणि रोज एक नवीन दाखवतात.

बेबी घरी आलीये. ऑगस्टपासून. कायमची. तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते, हात उचलायचा तिचा नवरा. दोन बॅगा घेऊन पहाटे दारात उभी होती आणि मी तिला जवळ घेतलं, घेतलं गं, पण खरं सांगू, त्याच मिनिटाला मनात आलं की समोरच्या गॅलरीत कोणी उभं नाही ना. पोरगी माझ्या खांद्यावर रडतेय आणि मी समोरची गॅलरी बघतेय.

मग सहा महिने मी सगळ्यांना सांगितलं की कोर्स करायला आलीये. कसला कोर्स विचारलं की कॉम्प्युटरचा. सकाळच्या उपासनेला जायचं सोडलं, संध्याकाळच्या इंग्रजी उपासनेला जायला लागले कारण तिथं आपलं कोणी नसतं. भगिनी मंडळाला गुडघा दुखतोय म्हणून कळवलं. नाताळात करंज्या केल्या पण वाटायला यांना पाठवलं. आणि बेबी हे सगळं ऐकत होती, घर केवढंसं आपलं. एकदा फोनवर कोणाला तरी कोर्सचं सांगत होते तर ती भांडी घासता घासता म्हणाली, आई, सर्टिफिकेट कधी मिळणार मला? मला पुढं बोलताच येईना.

जानेवारीत एका रविवारी ती मला ओढूनच सकाळच्या उपासनेला घेऊन गेली. मागच्या बाकावर बसलो. उपदेश होता बायबलमधलं पौलाचं गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय, 11 ते 14 ओव्या. तुला आठवत असेल, शब्बाथशाळेत आपल्याला त्याच्यावर काहीच शिकवलं नव्हतं, पेत्राचं कोंबडं शिकवलं, पाण्यावरून चालणं शिकवलं, हे नाही. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसून जेवायचा. मग याकोबाकडून काही यहुदी माणसं आली, ज्यांना अशी पंगत चालायची नाही, आणि तो त्यांना घाबरून हळूच पंगतीतून उठला, वेगळा राहायला लागला. त्याचं बघून बाकीचे पण उठले, बर्णबासुद्धा. मग पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं.

सुमे, मला पुढचा उपदेश ऐकूच आला नाही. मला ती प्लेट दिसायला लागली.

तुला माहितीये कुठली. तू मुलाला घेऊन माहेरी आलीस त्या वर्षीचा नाताळचा चहा. तू माझ्या शेजारी येऊन बसलीस, प्लेटमध्ये चकली आणि केकचा तुकडा होता, आणि खजिनदारबाई दारातून आत आल्या. मी प्लेट उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी मला बोलावलं नव्हतं, कोणीच काही म्हणालं नव्हतं, मी आपणहून उठले. नंतर तू विचारलंस तर मी म्हणाले पंख्याखाली बसायचं होतं. डिसेंबरात! तू तेव्हा काहीच बोलली नाहीस, त्याचंच मला जास्त लागलंय.

आणि तुझं दुसरं लग्न. मला ताप नव्हता. रजिस्टर लग्न, नवरा आपल्यातला नाही, आणि मी आले असते तर फोटोत दिसले असते, एवढंच कारण होतं. त्यानंतर तू फोनवर जे बोललीस ते मला अजून शब्द न शब्द पाठ आहे. म्हणालीस, पंडिता रमाबाईंवर भाषण करून कप मिळवलास ना, मग तो कप परत दे. किती राग आला होता मला, वर्षभर बोलले नाही. पण बरोबरच होतं तुझं. काय ठसक्यात म्हणायचे मी ते, 1880 साली जातीबाहेर नोंदणीचं लग्न केलं, दोन वर्षांच्या आत विधवा झाल्या, कडेवर मनोरमा. 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, 1893 ला लोकांनी धर्मांतराची बोंबाबोंब करून मुली काढून नेल्या, तरी बाई हलली नाही, केडगावला गेली. टाळ्या! आणि तुझी आजी, स्वतः रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. त्याच आजीच्या नातीला मी पंख्याचं कारण सांगितलं.

रात्री झोप येईना म्हणून बायबल काढलं, आणि पेत्राचंच वाचत बसले. मला आधी वाटायचं की भीती एकदा गेली की गेली. पण बघ ना, अंगणात एका दासीला घाबरून प्रभूला नाकारलं, त्याबद्दल रडला, प्रभूनं समुद्रकाठी तीनदा विचारून त्याला परत जवळ घेतलं, मग पन्नासाव्या दिवशी उठून बोलला तर तीन हजार माणसं आली, परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी जाऊन राहिला, त्याबद्दल यरुशलेमेत उलटतपासणी झाली तिथंही ठाम राहिला, आणि एवढं सगळं होऊन अंत्युखियात पुन्हा चार माणसं बघून उठला! मला तर रडूच आलं, पण बऱ्या अर्थानं. म्हणजे प्रभूला माहीत होतं की हा परत घाबरणार आहे आणि तरी त्यानं त्याला ठेवलं. मग मलाही ठेवेल. माझं सगळं, ती प्लेटसुद्धा, त्यानं बघितलेलं आहे आणि तरी मी त्याची आहे, तर ज्यांना माझं अर्ध्याहून कमी माहितीये त्यांच्या तोंडाकडे मी पन्नास वर्षं का बघत बसले गं?

मग बेबीला उठवून विचारलं, चर्चमध्ये सांगू का? तिचं आयुष्य आहे, तिला न विचारता कसं बोलणार. ती झोपेत म्हणाली, मी कधी लपवलं, तूच लपवतेयस.

पुढच्या रविवारी प्रार्थना विनंत्यांच्या वेळी उभी राहिले. पाय लटपटत होते, बाक धरून ठेवला. म्हणाले, माझी मुलगी सासर सोडून आली आहे, कोर्स वगैरे काही नाही, मी खोटं बोलले, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. बसले. कोणी आमेन पण म्हणेना. मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, उपासना संगीत या भजनांच्या पुस्तकातून नारायण वामन टिळकांचं एक भजन झालं, मी ओठ हलवले फक्त.

चहाच्या वेळी एक मावशी आल्या, बेबीच्या डोक्यावर हात ठेवून काही न बोलता उभ्या राहिल्या. खजिनदारबाई म्हणाल्या, अगं हे सगळ्यांसमोर कशाला? माझ्या हातातला चहा बशीत सांडला, खोटं कशाला बोलू, अजून लागतं मला. पण मी म्हणाले, सहा महिने लपवून बघितलं, बाई, नाही जमलं. आणि बेबीच्या शेजारी जाऊन बसले. चार वाजता पुण्याहून नणंदेचा फोन आला, सगळं तपशीलवार माहीत होतं तिला, आपल्या मंडळींपुढं जिओ काहीच नाही. बोलू दिलं तिला. मग रात्री झोपले, सरळ सकाळपर्यंत.

तुझ्या पोराचं ॲडमिशन झालं ऐकलं, फार छान. नवीन घराला गॅलरी आहे का? तुझं थायरॉइड कसंय? चकल्या अजून तशाच करतेस का, दात सांभाळून खायच्या?

येत्या शनिवारी सकाळच्या एसटीनं नाशिकला येते म्हणते. तुझ्या घरी मी अजून एकदाही जेवले नाहीये. तुझ्या मिस्टरांनाही भेटायचंय, त्यांची माफी वेगळी मागायची आहे. बेबी पण येईल. जमत नसेल, किंवा नको वाटत असेल, तरी तसं सरळ कळव, मी वाट बघते.

तुझीच,
कुंदा

ता. क. कप माळ्यावर सापडला. घेऊन येते.