लाईनचा अनुभव आधी हवाच का?

चाकण, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुतण्याला अवजड वाहनाचा परवाना मिळाला याचा फार आनंद झाला. परंतु इकडच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी "आधी लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या मार्गावर, गाडी चालव, मग लोकलचे काम माग" असे सांगून त्याला परत पाठवले आणि आता तो थेट कोलकात्याच्या लाईनवर जायला निघाला आहे, हे वाचून मला सविस्तर लिहावेसे वाटले. माझे मत असे की, लोकल मालवाहतुकीसाठी लाईनचा अनुभव आवश्यक नाही. नव्या चालकाला सुरुवातीचे काही महिने शेजारी बसून शिकवणारा जाणता माणूस मिळणे मात्र आवश्यक आहे, आणि तो लाईनवर मिळेलच याची कोणतीही खात्री नाही.

मालकांची मागणी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना सुटे भाग ठरलेल्या वेळीच लागतात. गाडी उशिरा पोहोचली तर तिथले उत्पादन खोळंबते, आणि मालकाला नव्या मुलावर ती जोखीम टाकायची नसते. लाईनवर टिकून राहिलेला माणूस दमदार असणार, असा त्याचा हिशेब असतो. ताडपत्री आणि दोर नीट बांधणे, वळणावर माल एका अंगाला सरकणार नाही अशी भरणी करून घेणे, टायर वेळोवेळी तपासणे, बिल्टी (मालाची पावती) आणि ई-वे बिल (जीएसटीचे वाहतूक-पत्र) जपणे, या गोष्टी लांबच्या खेपांत अंगवळणी पडतात हेही खरे आहे.

पण लोकलचे जे खरे अवघड काम आहे, ते लाईनवर फारसे करावेच लागत नाही. अरुंद गेटातून कंटेनर आत घेऊन दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला, मागे लावायचा असतो, तेव्हा स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवावे त्याच्या उलट ट्रेलरचे शेपूट जाते, आणि हे डोक्याला कळले तरी हाताला कळायला सराव लागतो. महामार्गावर शेकडो किलोमीटर सरळ गाडी हाकल्याने तो सराव होत नाही. चाकण चौकातल्या कोंडीत डाव्या बाजूने घुसणाऱ्या दुचाकीकडे लक्ष ठेवणे, अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळणे, मार्केट यार्डाच्या गर्दीत माणसे वाचवत गाडी मागे घेणे हे सारे इथेच शिकावे लागते.

शिवाय पुण्यात लोकल आणि घाट वेगळे काढता येत नाहीत. शिरवळचा माल भोसरीला आणणारी गाडी लोकलच म्हणवते, पण तिला कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडचा उतार उतरावाच लागतो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री त्याच उतारावर एका अवजड वाहनाने 40 हून अधिक गाड्यांना धडक दिली होती, हे तुला आठवत असेल. भरलेल्या गाडीचा वेग खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर धरायचा असतो. न्यूट्रल केले की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी पकड सोडतात. आता हे लक्षात घे की, अनेक ठिकाणी लाईनच्या चालकाला खेपेचे डिझेल ठरवून दिलेले असते आणि त्यातले जे वाचेल ती त्याची वरकमाई असते. म्हणूनच उतारावर न्यूट्रल करण्याची सवय तिथे सर्रास लागते. ज्या अनुभवासाठी मुलाला दूर पाठवायचे, तो अनुभवच त्याला असे शिकवून परत पाठवत असेल, तर त्याचा उपयोग काय?

झोपेचा प्रश्न मला याहूनही गंभीर वाटतो. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 प्रमाणे (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) दिवसाला आठ तास काम, लांबच्या मार्गावर मंजुरीने फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक होती. लाईनवर असे नियम किती पाळले जातात, हे कोणत्याही ढाब्यावर पहाटे उभे राहिल्यास दिसते. पूर्वी क्लीनर म्हणून उस्तादाच्या हाताखाली वर्षे घालवल्यावर स्टिअरिंग मिळत असे. त्या पद्धतीत राबवून घेणे पुष्कळ होते, परंतु शिकवणारा शेजारी तरी असे. आज खर्च वाचवण्यासाठी कितीतरी गाड्यांवर एकटाच चालक पाठवतात, आणि नव्या मुलासाठी ते मला मुळीच मान्य नाही.

अमेरिकेतही नव्यांना आधी लांबच्या मार्गावर पाठवतात, असे तू लिहिले आहेस. तिथे बऱ्याच लोकल कंपन्या अनुभव मागतात हे खरे, आणि त्यामागे विम्याच्या अटींचा मोठा वाटा असतो. पण तिथल्या कायद्यानुसार बहुतेक ठिकाणी स्वतःच्या राज्यात 18 व्या वर्षी ट्रक चालवता येतो आणि राज्याची हद्द ओलांडायला 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे कायद्याने जवळचे काम आधी आणि दूरचे नंतर, असाच क्रम धरला आहे.

तेव्हा पुतण्याने आधी छोटा हत्ती (टाटा एससारखा लहान टेम्पो) किंवा पिकअप धरावी. मालासकट साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवानाही पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केल्यामुळे अशा कामाला मालक अडून बसत नाहीत. तिथे शहर आणि गिऱ्हाईक कळले की आयशरवर, म्हणजे मध्यम ट्रकवर, जावे, आणि मग अनुभवी चालकाबरोबर न्हावा शेवा बंदराच्या खेपा कराव्यात, म्हणजे बोरघाट चढता-उतरताना चूक सांगणारा कोणी शेजारी असेल. पगार सुरुवातीला लाईनपेक्षा कमी पडेल. घरचे कर्ज मला ठाऊक आहे, तरीही हे वर्ष त्याला द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. नोकरी ठरवताना पगाराच्या आधी "माझ्याबरोबर कोण बसणार, आणि किती दिवस?" हे विचारायला त्याला सांग. जो मालक या प्रश्नावर चिडेल, त्याची गाडी धरू नये.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आयशर चालवणाऱ्या मुलांना स्वतः तयार करतात. त्यांच्याशी मी बोललो आहे. ते त्याला भेटायला तयार आहेत. त्याला पुढच्या रविवारी माझ्याकडे मुक्कामाला पाठव, आणि तोवर कोलकात्याच्या गाडीवाल्याला होकार कळवू देऊ नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र