डोपामिनला उगाच बदनाम करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'डोपामिन डिटॉक्स'वर जो लेख आलाय तो वाचला. मोबाईल कमी वापरा म्हणताय ते बरोबरच, त्यावर भांडण नाही, पण डोपामिन म्हणजे आनंद देणारं रसायन, ते जास्त झालं की व्यसन लागतं, म्हणून आठवडाभर मोबाईल, गोड, गाणी सगळं बंद करून ते शरीरातून काढून टाकायचं, हे वाचून कपाळाला हात लावला. माझं मिरजेत मेडिकल आहे. लेख आल्यावर एक ओळखीचे गृहस्थ दुकानात आले, म्हणे वडिलांना पार्किन्सनची (कंपवाताची) लेव्होडोपा गोळी चालू आहे, त्याचं मेंदूत जाऊन डोपामिनच होतं ना, मग थोडे दिवस बंद ठेवू का? आता काय बोलणार! पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात म्हणून तर ती गोळी देतात, आणि एकदम थांबवली तर पेशंट ताठरतो, ताप चढतो, कधी कधी जिवावरही बेततं.

मेंदूत 'आनंदाचं केंद्र' असतं ही भानगड 1954 पासूनची. कॅनडात मॅकगिल युनिव्हर्सिटीत जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली, दांडी दाबली की तिथे हलका करंट, आणि उंदीर ती दांडी तासाला शेकडो वेळा, पुढच्या प्रयोगांत तर हजारो वेळा दाबत सुटले. झालं, सगळे म्हणाले सुख सापडलं, आणि पुढे ते डोपामिनच्या नावावर लागलं. पण दाबत सुटलाय म्हणजे त्याला मजाच येतेय हे कशावरून? पुढे अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीत केंट बेरिज यांनी नेमकं हेच तपासलं. डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या तोंडात साखरपाणी सोडलं तर ते आधीसारखेच जिभल्या चाटतात, म्हणजे चव आवडतेय, पण समोर खाणं ठेवलं तरी स्वतः उठून खात नाहीत, भरवलं नाही तर उपाशी मरतील. आवडणं वेगळं आणि हवंहवंसं होऊन मागे धावणं वेगळं, डोपामिनचा संबंध जास्त करून या धावण्याशी.

आणि मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगातली माकडं तर मला फारच आवडतात. अवचित फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात पेटायच्या, पण रसाच्या आधी एक खूण येते हे माकडाला कळलं की त्या खुणेलाच पेटायला लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा काही नाही, आणि खूण देऊन रस दिलाच नाही तर ठरलेल्या वेळेला चक्क गप्प झाल्या. म्हणजे हिशोब आहे हा, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं का कमी.

लेखात दुसरी अर्धी बाजू तर आलीच नाही, नको वाटण्याची. मेंदूत खोलवर लॅटरल हॅबेन्युला म्हणून इवलासा भाग आहे, मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी 2007 मध्ये माकडांवरच दाखवलं की बक्षीस हुकलं की हा भाग जागा होतो आणि डोपामिनच्या पेशींना दाबतो. 2012 मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी तर उंदरांत डोपामिनच्या पेशींच्या एकाच भागाकडे येणाऱ्या दोन वेगळ्या वाटा चेतवून बघितल्या, एक वाट चेतवली की ज्या खोलीत चेतवली त्या खोलीकडे उंदीर ओढला जायचा, हॅबेन्युलाकडून येणारी वाट चेतवली की ती खोली टाळायचा. सगळा प्रश्न वायरिंगचा आहे, रसायन किती लिटर साठलंय याचा नाही, मग डिटॉक्स कशाचा करणार?

व्यसनावरच लिहायचं होतं तर जुगारावर लिहायचं. 2009 मध्ये केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांना दिसलं की स्लॉट मशीनवर 'थोडक्यात हुकलं' असं झालं की लोकांना ते आवडत नाही, तरी पुन्हा खेळावंसं जास्त वाटतं आणि जिंकल्यावर जागे होणारे मेंदूतले भाग तेव्हाही जागे होतात. पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर केंद्रानं 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, तेव्हा पेपरांत टॅक्स आणि नोकऱ्यांवर रकानेच्या रकाने आले, माणूस हरत असताना थांबत का नाही यावर मला तरी फारसं काही दिसलं नाही.

अजून एक गोष्ट घरच्यांना माहीत हवी. पार्किन्सनच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा काही औषधांनी काही पेशंटना अचानक जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा नाद लागतो, औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं पण ती बारीक अक्षरं वाचतंय कोण! आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेला माणूस सत्तरीत पैसे लावायला लागतो, घरचे त्याला म्हातारचळ म्हणून मोकळे होतात आणि लाजेपायी डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगितलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात, आणि बऱ्याच जणांचा नाद सुटतो. पण हे डॉक्टरांनीच करायचं, पुरवणी वाचून नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, ठळक चौकटीत, पार्किन्सनच्या पेशंटनी गोळ्या मनानं बंद करू नयेत एवढं तरी छापा.

आपला,
एक औषध विक्रेता, मिरज