आबांच्या गाठीबद्दल

लातूर, रविवार

प्रिय दत्ता,

काल तुझा फोन ठेवल्यापासून डोळ्याला डोळा नाही. आबांच्या उजव्या किडनीत अडीच सेंटीमीटरची गाठ, आणि अख्खी किडनीच काढायची म्हणतात! डावी तर मुतखड्यानं आधीच अर्धी गेलेली. लेका, सही करायच्या आधी माझं ऐक.

आमच्या दादांची गाठ एवढीच होती. वय ७४, शुगर, हृदयात दोन स्टेंट. त्यांची गाठ कापली नाही, जाळली. सीटीच्या टेबलावर पालथं झोपवलं आणि पाठीतून दाभणासारखी सुई घातली. थोडी सरकवायची, सीटीत बघायचं, मग पुढं. आतडं गाठीला खेटून होतं, तर मधे ग्लुकोजचं पाणी सोडून ते बाजूला सारलं. मग सुईच्या टोकाशी रेडिओलहरींची उष्णता. ६० अंशांच्या वर पेशी जागच्या जागी मरतात, बाकीची किडनी शाबूत राहते. दुसऱ्या दिवशी दादा पाठीला एवढीशी पट्टी लावून घरी.

भेटायला येणारा जो तो विचारायचा, "काढलेली गाठ बघितली का?" गाठ काढलेलीच नसते रे. ती तिथंच असते, मेलेली. शिरेतून डाय देऊन सीटी केला की जिवंत गाठ उजळते, मेलेली काळीच राहते. म्हणून तपासणी वर्षानुवर्षं चुकवायची नाही. आम्ही चुकवली. सोयाबीनची रास पडली होती, सहा महिन्यांचा सीटी दोन महिने लांबला, आणि गाठीच्या कडेला नखाएवढी उजळ कोर दिसली. पुन्हा सुई घालावी लागली. आता सगळं काळं आहे, पण ते दोन महिने मला अजून टोचतात.

हे सगळ्यांना चालतं असं नाही. माणूस धडधाकट असेल तर गाठीपुरता भाग कापणं हाच पहिला मार्ग. गाठ तीन सेंटीमीटरच्या आत आणि किडनीच्या बाहेरच्या अंगाला असली की जाळणं चांगलं जमतं. आत मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, शिवाय लघवीची नळी भाजायची भीती. आबांची नेमकी कुठं आहे ते विचार. आणि जाळण्याआधी तुकडा तपासायला घ्या म्हणावं. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, आणि जळाल्यावर काय तपासणार?

नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी घेऊन ये. दादांना ज्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी, म्हणजे सीटीत बघत सुईनं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, बघितलं त्यांची गुरुवारची वेळ घेतलीय. आबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर मनानं बंद करू नका, चिठ्ठी सोबत आण. सकाळच्या एसटीनं निघा, मी स्टँडवर उभा आहे. आबांना म्हणावं, जेवण आमच्याकडंच, तुझ्या वहिनीनं ज्वारी दळून ठेवलीय.

तुझा,
भास्कर