दुपारचा एक तरी खेळ द्या

महोदय,

गेल्या आठवड्यात सांगलीत कमी खर्चात केलेला एक भयपट पाहिला. एक खोली, बाहेरून कडी, आत एकटी मुलगी. ना भूत, ना कर्कश पार्श्वसंगीत. गळक्या नळाचं पाणी ती बाटलीच्या झाकणात धरते आणि नुसते ओठ ओले करते. ते पाहताना माझ्याच घशाला कोरड पडली. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही सहाजण तीन दिवस माडीवर अडकलो होतो. आई पिण्याचं पाणी वाटीनं मोजून द्यायची. जिन्याची एकेक पायरी बुडताना आम्ही वरून बघत होतो. कोंडलं जाणं म्हणजे काय, हे या चित्रपटाला नेमकं कळलंय.

आणि असा चित्रपट इथे एकाच चित्रपटगृहात, तोही रात्री पावणेअकराला! तासगाव-विट्याच्या प्रेक्षकानं घरी परतायचं कसं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, तिथे तरुण मुलांच्या या धडपडीला दुपारचा एक तरी खेळ मिळावा, ही चित्रपटगृहचालकांना कळकळीची विनंती.

– एक प्रेक्षक, गावभाग, सांगली