कामातून सुटलेल्या घोड्यांच्या चाऱ्याचे काय?

माननीय संपादक,
स.न.

मुंबईतील हौशी फेऱ्यांच्या घोडागाड्या बेकायदा ठरवणारा निकाल उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला. तो मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. परंतु घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो आणि कामातून बहुधा त्याच्या कितीतरी आधी सुटतो. मधल्या वर्षांत त्याच्यापुढे चारा कोणी टाकायचा, याचा विचार फारसा होत नाही. कर्जत तालुक्यात आम्ही काही कुटुंबे अशा घोड्यांसाठी तबेला आणि त्याला जोडून सेंद्रिय शेती चालवतो. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

बरगड्या दिसणारा घोडा आला की माणसाचा हात आधी हरभऱ्याकडे जातो, आणि नेमका तोच दाणा त्याच्या जिवावर बेतू शकतो. घोड्याला ओकता येत नाही. उपाशी शरीराला एकदम चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मिळाली तर रक्तातील क्षारांचा तोल ढळतो, पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होतो. म्हणून पहिले काही दिवस दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने मूठमूठ लसूणघास किंवा सुके गवत घालावे लागते. डांबरावर बिघडलेले खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात, आणि ते नीट जाणणारा नालबंद आता शोधूनही सापडत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख उरली, म्हणजे २०१२ पेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक घट. जनावरांबरोबर ही विद्याही चालली आहे.

साडेतीनशे किलोच्या घोड्याला वर्षाला अडीच ते तीन टन सुका चारा लागतो. सुरुवातीला आम्ही देणग्यांवर विसंबलो. त्या सणासुदीला येत आणि चारा महागतो त्या वैशाखात आटत. आता सभासद कुटुंबे हंगामाच्या आरंभीच वर्गणी भरतात आणि त्या बदल्यात दर आठवड्याला भाजी, सुगीनंतर तांदूळ व नाचणी घेतात. पीक बुडाले तर तोटा सर्वांचा. शेताला खत घोड्यांचेच. मात्र घोडा रवंथ करत नसल्याने तणाचे बी लिदीतून जिवंत बाहेर पडते, म्हणून लीद पेंढ्यासह रचून, ढीग आतून चांगला तापेपर्यंत वरखाली करून मगच वाफ्यात घालतो. जंतनाशक दिल्यावरची लीद वेगळी ठेवतो, कारण औषधाचा अंश शेणकिड्यांना मारतो. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून शेतावर राबणाऱ्या प्रत्येकाने लस घेतलेली असते.

या शेतीतून चारा आणि मजुरी यांचा बराचसा भाग निघतो, औषधोपचाराचा नाही. जमीन पेलेल तितकेच घोडे आम्ही घेतो. दारात आणलेल्या घोड्याला नाही म्हणावे लागते, तो दिवस फार जड जातो.

मुंबईचे पांजरापोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने उभे राहिले. लोकवर्गणीतून मुकी जनावरे सांभाळणे आपल्याला नवे नाही. सरकारकडे मागणे इतकेच, की घोडे कामावरून उठवणाऱ्या प्रत्येक आदेशात ते कोठे जाणार आणि त्यांच्या चाऱ्याची तरतूद काय, हे लिहिलेले असावे. अशा शेतांना गायरानावरील गवत कापण्याची मुभा ग्रामपंचायतींनी द्यावी. आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्यांच्या उपचारांची माहिती असलेला एक तरी डॉक्टर असावा. ग्लँडर्स हा घोड्यांकडून माणसालाही होणारा जीवघेणा रोग आहे. त्याच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना तालुक्यातच घेतला जाऊ लागला, तरी नव्या घोड्याला इतरांपासून दूर, एकट्याने बांधून ठेवण्याचे दिवस कमी होतील.

आपली,
एक वाचक, कर्जत (जि. रायगड)