गाव काचेतून ओळखू यायला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगातल्या कोणत्या शहराची स्कायलाइन, म्हणजे आभाळावर उमटणारी कड, सगळ्यात देखणी, यावरून तुमच्या रविवारच्या पुरवणीत तीन आठवडे वाचकांची जुंपली आहे. कुणी हाँगकाँग म्हणतो, कुणी न्यूयॉर्क, पुण्याच्या एका वाचकाने शांघायसाठी अर्धा रकाना खर्च केला. गेल्या रविवारी जालन्याच्या एका गृहस्थांनी तर निकालच लावला. मराठवाड्याने या वादात पडूच नये, आपल्याकडे पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काही नाही, असं त्यांनी लिहिलं. वाचून आधी हसलो, मग राहवेना, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं एसटीत चालक होतो. स्कायलाइन हा शब्द निवृत्तीनंतर नातवाकडून कळला, पण ती चीज मी नोकरीभर बघत आलो. पहाटेच्या गाडीला समोरच्या काचेत आधी नुसता अंधार असतो, मग आभाळाची कड उजळते आणि त्या कडेवर गाव उमटतं. किलोमीटरचा दगड नंतर येतो. गाव आलं हे आम्हाला आधी आभाळ सांगतं.

टाकीची चेष्टा तर करूच नये. जिंतूरकडच्या फेरीला एक म्हातारी नेहमी माझ्या मागच्या सीटवर बसायची. तिला पाटी वाचता येत नव्हती. बसल्या बसल्या सांगून ठेवायची, "डायवर दादा, टाकी दिसली का हाक मार बरं." मी हाक मारायच्या आधीच ती पिशवी काखेत मारून उभी. दोन-तीन किलोमीटरवरून तिला तिची टाकी दिसलेली असायची. त्या टाकीत पाणी किती दिवसांनी यायचं हा प्रश्न वेगळा. न्यूयॉर्कचे मनोरे जागेच्या भावाने वर गेले म्हणतात. आमच्या शहरांची कड पाण्याच्या टंचाईने घडवली आहे. नळ रोज येत नाही, म्हणून प्रत्येक गच्चीवर दोन-दोन काळ्या टाक्या. माझ्या गच्चीवरून परवा नातवाने मोजायला घेतल्या, सत्तरपर्यंत गेला आणि कंटाळला.

पण मूळ वादाकडे येतो. मुलगा दुबईला असतो, त्यामुळे बुर्ज खलिफा मी पाहिली आहे. उंची ८२८ मीटर, जगात पहिली. शेख झायेद रोडवरून मुलगा गाडी चालवत होता आणि मी शेजारी. जवळ गेल्यावर शेंडा काही काचेत मावेना. डॅशबोर्डवर हनुवटी टेकवून पाहिलं, तरी इमारत कंबरेपर्यंतच. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला गेलो तेव्हा ती अख्खी दिसली, आणि खोटं कशाला बोलू, झकास दिसली. एकटी, सुईसारखी. म्हणजे शोभा इमारतीइतकीच मधल्या मोकळ्या जागेची. मुंबईचा मरीन ड्राइव्ह घ्या. तिथल्या आर्ट डेको नावाच्या शैलीतल्या इमारती पाच-सहा मजल्यांच्या, शाळेत प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या एका उंचीच्या. २०१८ साली युनेस्कोने त्या जागतिक वारशात घेतल्या. समोर समुद्र नसता आणि त्यातली एखादी मध्येच चाळीस मजली असती, तर कोण बघायला गेलं असतं?

हाँगकाँगचं नाव घेणाऱ्या वाचकाने तिथल्या इमारतींची यादी दिली, पण खरी गंमत लिहिलीच नाही. त्या बेटावर इमारतींच्या मागे डोंगर आहे. पलीकडच्या कौलूनच्या किनाऱ्यावरून पाहताना त्या डोंगराच्या माथ्याच्या लगेच खालचा वीस टक्के भाग इमारतींनी झाकू नये, असं तिथल्या नियोजन खात्याने धोरण ठेवलं आहे. ते सगळीकडे पाळलं गेलेलं नाही, काही मनोरे कड्याच्या वर गेलेच. पण निदान डोंगराचा विचार कागदावर तरी आहे. लंडनला सेंट पॉल चर्चचा घुमट रिचमंड पार्कातल्या एका टेकाडावरून दिसतो, अंतर साधारण सोळा किलोमीटर. ती नजर अडेल असं मध्ये काही बांधायचं नाही, असा नियम आहे. पॅरिसमध्ये १९७३ साली माँपार्नास नावाचा २१० मीटरचा काळा मनोरा उभा राहिला. लोक इतके वैतागले की १९७७ साली शहरात ३७ मीटरच्या वर बांधायला बंदी आली. हे सगळे काही गरीब लोक नव्हेत, त्यांना उंच बांधता येत नव्हतं असंही नाही.

आता आपल्या दारात या. वेरूळकडून संभाजीनगरला येताना घाट उतरला की देवगिरीचा डोंगर समोर येतो. उलटा ठेवलेला गाडगा म्हणा हवं तर. त्याचा खालचा भाग तासून भिंतीसारखा सरळ केलेला आहे, त्यामुळे ही आकृती निम्मी निसर्गाची आणि निम्मी छिन्नीची. पायथ्याशी चाँद मिनार. बहामनी सुलतान अलाउद्दीनने १४३५च्या सुमारास बांधलेला, उंची सुमारे ६३ मीटर. आजच्या हिशेबाने वीस मजली इमारत झाली की, आणि तीही लिफ्ट निघायच्या चारशे वर्षं आधी. जालन्याच्या गृहस्थांनी ही टाकी मोजून पाहावी. पुढे तटबंदीच्या दरवाजातून बस काढायची म्हणजे दोन्ही आरशांकडे डोळा ठेवावा लागतो. पण दरवाजाच्या आधी जे तीन-चार मिनिटं काचेत दिसतं, त्यासाठी मी ती ड्यूटी मागून घेत असे.

वेरूळचं कैलास लेणं तर या वादाच्या उलट टोकाला बसवायला हवं. राष्ट्रकूटांनी ते आठव्या शतकात डोंगरात वरून खाली कोरत नेलं. कळस आधी, पाया शेवटी. बाजूच्या डोंगरावर चढून कडेला उभं राहिलं की शिखर आपल्या पायांच्या खाली असतं. एवढं मोठं देऊळ आणि लांबून दिसतच नाही! सहलीच्या पोरांना मी तिथे उतरवून द्यायचो आणि परत येताना विचारायचो, सगळ्यात आधी काय बांधलं असेल? निम्मी पोरं हत्ती म्हणायची.

एक आठवण लिहू का नको, असं झालं होतं. १९९३ साली मी लातूर-उमरगा भागात होतो. आपल्याकडच्या जुन्या गावांची आकृती ठरलेली होती. मधोमध पांढऱ्या मातीची गढी, तिच्या भोवती माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं, एक देवळाचं शिखर, एक-दोन लिंबं. चालत्या गाडीतून गढीच्या पडक्या बुरुजावरून गाव ओळखू यायचं. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर किल्लारी पाटीवरून पहिल्यांदा गेलो तेव्हा गाव त्या जागी नव्हतं, म्हणजे त्याची ती आकृतीच नव्हती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं वजन, त्याखाली हजारो माणसं गेली. मग पुनर्वसनाची गावं उभी राहिली. एका मजल्याची, सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची, आणि ती तशी बांधली हे बरोबरच होतं. पण आम्हा चालकांना एक गाव दुसऱ्यापासून वेगळं सांगता येईना. कंडक्टर पाटी वाचून ओरडायचा, तरी म्हातारी माणसं खिडकीतून बघत बसून राहायची, उतरायची नाहीत. पुढे झाडं वाढली, कुणी देवळावर शिखर चढवलं, तेव्हा कुठे गावं ओळखीची झाली. लातूर शहरात तर कितीतरी वर्षं वरचा मजला चढवायला माणूस धजत नव्हता. आज तिथे क्लासच्या पोरांसाठी मजल्यावर मजले चढताहेत. चढू देत. भीती गेली हे चांगलंच आहे.

तेव्हा माझं म्हणणं उंच बांधू नका असं नाही. जागा महाग झाली, गावं मोठी झाली, माणसं राहणार कुठे? म्हणणं इतकंच की प्रत्येक शहराने आपली एक-दोन ओळखीची टोकं ठरवावीत आणि ती कुठून दिसत राहिली पाहिजेत ते लिहून ठेवावं. राष्ट्रीय स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगी लागते, असा कायदा २०१० पासून आहे. पण हे झालं जवळचं. दोन किलोमीटरवरून जे दिसतं, त्याला तो कायदा विचारत नाही. बीबी का मकबरा आमच्या शहराजवळच्या लेण्यांच्या डोंगरावरून पाहा, घुमट आणि चार मिनार अजून स्वच्छ उठून दिसतात. ती नजर आज फुकट राखता येईल. दहा वर्षांनी कोर्टात जावं लागेल. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट, औंढ्याचं शिखर, तुळजापूरचा घाट, ज्याने त्याने आपापलं ठरवावं. महापालिकेच्या विकास आराखड्यात अशा नजरेच्या चार रेघा ओढायला काही कोटी लागत नाहीत.

तुमच्या या वादात मत द्यायचंच तर माझं देवगिरीला. दुसरा नंबर मरीन ड्राइव्ह. हाँगकाँग मी पाहिलेलं नाही, आणि फोटोवरून मुलगी पसंत करायचे दिवस गेले.

जाता जाता एक. दौलताबादच्या अलीकडे ज्या वळणावर चाँद मिनार पहिल्यांदा दिसायचा, तिथे दोन वर्षांपूर्वी एक मोठं होर्डिंग उभं राहिलं. कुणाचं ते लिहीत नाही. आज क्लासचं असतं, उद्या वाढदिवसाचं. गेल्या पावसाळ्यात वादळाने त्याचा फ्लेक्स फाटला आणि चार दिवस लोखंडी सांगाड्यातून मिनार पुन्हा अख्खा दिसत होता. मी नातवाला मोटारसायकलवर बसवून मुद्दाम दाखवून आणला. पाचव्या दिवशी नवा फ्लेक्स आला. कुठल्याशा प्लॉटिंगची जाहिरात होती, आणि तिच्यावर चाँद मिनारचाच फोटो होता.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
छत्रपती संभाजीनगर