‘कशावरून?’ विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

अभ्यासिकेच्या खिडकीतल्या डब्यात पोरं शंकांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि तुम्ही शनिवारी त्या परत पाठवता. कोल्हापुरात मराठी शिकवणारे आणि मुद्रितं तपासणारे आम्ही काही जण त्या चिठ्ठ्या पोरांच्या आधी वाचतो, हे आता कबूल करून टाकतो. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं विचारता आणि विषय मोडता. म्हणून हे उघड पत्र.

सगळ्यात आधी आभार त्या एका शब्दाचे. चिठ्ठीवर पोरानं ‘हा उपमा अलंकार आहे ना?’ असं लिहिलेलं असतं आणि खाली तुमच्या लाल शाईत फक्त ‘कशावरून?’ ‘सारखा’ दिसला की उपमा आणि ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ही गाइडातली युक्ती दहापैकी सात वेळा चालते, आणि परीक्षा घेणारा नेमकी उरलेली तीन वाक्यं काढतो. ‘तो सारखा बोलतो’ यातला ‘सारखा’ म्हणजे सतत. ‘गवा गाईसारखा असतो’ यात तुलना आहे, साम्यवाचक शब्दही आहे, पण ती नुसती माहिती. चमत्कृती नसेल तर अलंकार नाही, हे जुन्या शास्त्रकारांनी याच गाय-गव्याच्या उदाहरणावरून सांगून ठेवलेलं आहे. पोरांपर्यंत ते पोचलं ते तुमच्यामुळे.

तुमचा रंकाळा तलावाचा कागद तर आम्ही झेरॉक्स काढून भिंतीला लावलाय. पाणी आणि आरसा या दोनच वस्तू घेऊन तुम्ही ओळीनं वाक्यं लिहिली होती. ‘रंकाळ्याचं पाणी आरशासारखं नितळ आहे’ ही उपमा. ‘रंकाळ्याचं पाणी जणू आरसाच’ ही उत्प्रेक्षा. ‘रंकाळ्याच्या आरशात शालिनी पॅलेस उलटा उभा आहे’ इथं पाणी आणि आरसा एकच झाले, म्हणून रूपक. ‘हे पाणी नव्हेच, हा आरसा’ असं म्हणून पाणी नाकारलं की अपन्हुती. ‘या पाण्यापुढे आरसाही फिका’ हा व्यतिरेक. आणि ‘रंकाळ्यासारखा रंकाळाच’ हा अनन्वय. वस्तू बदलल्या नाहीत, बदललं ते दोघांमधलं नातं: सारखे, जणू तेच, तेच, हे नसून ते, त्याहून सरस, आणि शेवटी तुलनेला दुसरं कुणी नाहीच. सहा व्याख्या घोकून जे होत नव्हतं ते या कागदानं झालं.

त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक सापळा होता. पहिल्या वाक्यातला ‘नितळ’ खोडा आणि सांगा, ही पूर्णोपमा की लुप्तोपमा? बहुतेकांनी पूर्णोपमा लिहिलं, कारण वाक्य कानाला पुरं वाटतं. पण उपमेय (पाणी), उपमान (आरसा), साधारण धर्म (नितळपणा) आणि साम्यवाचक शब्द (सारखं) या चारांतला धर्म गळाला, म्हणजे लुप्तोपमाच. चारही बोटांवर मोजल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, ही शिस्त आता आम्हीही पाळतो.

लक्षणा म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घेणं; तिच्या चिठ्ठीबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. फुटबॉलच्या मोसमात कुणीतरी विचारलं होतं, ‘सामना जिंकल्यावर मंगळवार पेठ नाचली’ यात चेतनगुणोक्ती (निर्जीवाला माणसासारखं वागवणं) आहे का? तुम्ही तीन पायऱ्या उतरायला लावल्या. पहिली मुख्यार्थबाध: पेठ म्हणजे रस्ते आणि घरं, ती नाचू शकत नाहीत. दुसरी मुख्यार्थाशी संबंध: पेठ हा आधार, माणसं त्यावर राहणारी. तिसरी रूढी किंवा प्रयोजन: ‘पेठेतले लोक’ न म्हणता ‘पेठ’ म्हटल्यानं घरटी माणूस बाहेर पडला, असा अर्थ येतो, म्हणून प्रयोजन. पेठेला माणूस मानलेलंच नाही, पेठ म्हणून माणसंच सांगितली आहेत. तेव्हा चेतनगुणोक्ती नाही, लक्षणा.

याच पायऱ्यांवर ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ घेतलं तर संबंध साम्याचा निघतो: घाणा तिथल्या तिथं फिरतो, बोलणंही तसंच. त्यावर करवीर तालुक्यातल्या एका पोरानं उलटी चिठ्ठी टाकली होती, की गुऱ्हाळात रस काहिलीत आटतो, मळी काढतात आणि शेवटी गूळ तरी पडतो, मग हे नाव वाईट अर्थानं का? तुमचं उत्तर पाचच शब्दांचं: ‘धर्म निवडून घेतात, सगळे नाही.’ उपमान घेताना त्याचा एखादाच गुण उचलला जातो आणि बाकीचे मागे राहतात, हे इतक्या थोडक्यात आम्हाला कधी सांगता आलं नव्हतं. (पोराचा राग मात्र रास्त होता.)

व्यंजनेला, म्हणजे मूळ अर्थाच्या वर सुचणाऱ्या अर्थाला, तुम्ही पावसाळा वापरला. ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं.’ वाच्यार्थ बघितला तर ते एक माप आहे. पण पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे ज्याला ठाऊक त्याला त्या आकड्यात ‘जनावरं हलवा, धान्य माळ्यावर टाका’ हे ऐकू येतं. इथं मुख्यार्थ मोडत नाही, खराच राहतो आणि वर दुसरा अर्थ देतो. लक्षणेत तो मोडावा लागतो. उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त गोंधळ शब्दाच्या या दोन शक्तींचा, लक्षणेचा आणि व्यंजनेचा, होतो, आणि तपासणीची खूण एकच: मूळ अर्थ शब्दशः खरा धरून वाक्य टिकतं का?

‘जाळ आणि धूर संगटच’ हे तुम्ही अतिशयोक्तीत बसवलंत तेव्हा आम्ही अडखळलो होतो. जाळ हे कारण, धूर हे कार्य, दोन्ही एकाच क्षणी घडली असं म्हणणं म्हणजे अक्रमातिशयोक्ती. संस्कृत अलंकारग्रंथातलं लक्षण आपल्या कट्ट्यावरच्या बोलीला असं चपखल बसेल, असं वाटलं नव्हतं.

आता कोशाबद्दल. ‘शब्द कोशात नाही’ अशी तक्रार असलेल्या चिठ्ठ्यांत शब्द बहुधा कोशात असतोच, शोधणारा चुकीच्या पानावर असतो. ‘विहिरीत’ मधला प्रत्यय काढून पोरगं ‘विहिर’ शोधतं, कोशात ‘विहीर’ असते. ‘दुधाचा’ साठी ‘दूध’, ‘फुलात’ साठी ‘फूल’. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, दीर्घ अक्षर सामान्यरूपात (प्रत्यय लागण्याआधीच्या रूपात) ऱ्हस्व होतं, ते परत दीर्घ करून मगच पान उघडायचं. दुसरी अडचण जुन्या लेखनाची. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ मधले, आणि साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ चे. त्यामुळे ज्यानं आपण ओळखले जातो ते जुन्या कोशात ‘नांव’, आणि पाण्यात चालते ती ‘नाव’. एकाच पानावर दोन्ही शोधत बसलं तर निम्मे अर्थ हरवतात. क्ष आणि ज्ञ काही कोशांत क आणि ज च्या जोडाक्षरांत असतात, काहींत अगदी शेवटी. एकीकडे नसले की दुसरीकडे बघावेत, लगेच कोश मिटू नये.

‘पाणिग्रहण म्हणजे पाणी पिणे का?’ ही चिठ्ठी वाचून आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. शेवटचा इकार दीर्घ लिहायच्या नियमानं ‘पाणि’ म्हणजे हात हा शब्द सुटा लिहिला तर ‘पाणी’च दिसतो, समासात पहिला आला की ऱ्हस्व राहतो, तेव्हा पोराची चूक नियमाच्या सांध्यातली आहे, असं तुम्ही लिहिलंत. तसंच ‘आकाशाला गवसणी घालणे’. गवसणी म्हणजे तंबोऱ्यावर चढवतात ती कापडी खोळ. ती डोळ्यांसमोर आली की आभाळाला खोळ शिवू पाहणाऱ्याची हाव कळते. ‘आभाळ हाताला लागणे’ असा अर्थ लिहिणाऱ्यांचं चित्रच चुकलेलं असतं. ‘धारातीर्थी पडणे’ मधली धारा तलवारीची. नदीची समजून कुणी ‘आजोबा पंचगंगेत धारातीर्थी पडले’ असं वाक्य केलं होतं, ते आजोबा सुखरूप असोत.

एका ठिकाणी मात्र आम्ही तुमच्याशी अजून भांडतो. ‘परोक्ष’ म्हणजे नजरेआड आणि ‘अपरोक्ष’ म्हणजे समोर, हे व्युत्पत्तीनं बरोबर. पण ‘माझ्या अपरोक्ष काय ठरलं?’ हे सगळा गाव पाठीमागे या अर्थानं बोलतो. तुम्ही ते चूक म्हणून खोडता, आमच्यातले निम्मे रूढ म्हणून सोडतात. मुद्रितात आम्ही वाद टाळून ‘माघारी’ लिहितो, ही पळवाट आहे हे मान्य.

डब्यात या आठवड्यात आमचीही एक चिठ्ठी आहे. कुस्तीत डाव टाकण्याआधी दोघे हातानं एकमेकांचा जोर अजमावतात, ती खडाखडी. ‘निवडणुकीआधी दोन गटांत खडाखडी’ या मथळ्यातली लक्षणा रूढीची की प्रयोजनाची? आम्ही रूढीची म्हणतो. कशावरून, ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलंय.

आपले,
शनिवारची वाट बघणारे
कोल्हापूर